हिशेबाबाहेरची भिंत

इ. स. २००१ च्या जानेवारी महिन्याची २६ तारीख. प्रजासत्ताक दिनाची सकाळ. गुजरातेत ठिकठिकाणी ध्वजवंदनाचे कार्यक्रम चालू होते, आणि सुटीचा दिवस असल्यामुळे शहरांतील पुष्कळ कुटुंबे घरीच होती. पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भचाऊच्या परिसरात पृथ्वीच्या पोटात प्रचंड उलथापालथ झाली. ७.७ महत्तेच्या त्या भूकंपाने भुज, भचाऊ, अंजार आणि रापर ही गावे अक्षरशः धुळीस मिळविली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे १४ हजार माणसे त्या दिवशी प्राणास मुकली.

कच्छमधील विध्वंसाचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नव्हते. भूकंपाचे केंद्र जवळ, धक्का भयंकर आणि घरे बहुतांशी दगडमातीची. कोडे पडले ते अहमदाबादचे. केंद्रापासून हे शहर दोनशे किलोमीटरांहूनही दूर. तेथील एका इमारतीच्या तळघरात बसविलेल्या उपकरणाने जी नोंद केली, तीप्रमाणे जमिनीच्या हादऱ्याचे महत्तम त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे एक दशांश इतकेच होते. एवढ्या धक्क्याने नीट बांधलेली इमारत पडू नये. तरीही त्या शहरात सलोह काँक्रीटच्या शंभराहून अधिक बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांच्याखाली सातशेहून अधिक माणसे दगावली. या इमारती काही जुन्यापुराण्या वाड्यांसारख्या जीर्ण झालेल्या नव्हत्या. त्या नव्या वसाहतींत, नव्या पद्धतीने, सिमेंट आणि पोलाद वापरून उभ्या केलेल्या होत्या. उलट, कोटाच्या आतल्या जुन्या अहमदाबादेत, दाट वस्तीच्या पोळांमध्ये, विटा आणि लाकूड यांच्या संगतीने बांधलेली शंभर-दीडशे वर्षांची घरे पुष्कळशी उभीच राहिली.

ढिगारे उपसताना आणि नंतर पाहणी करताना अभियंत्यांच्या दृष्टीस एक विलक्षण गोष्ट पडली. कित्येक इमारतींचे वरचे मजले जवळजवळ अभंग होते. खिडक्यांची तावदाने शाबूत, भिंतींना क्वचितच एखादी चीर. मात्र तळमजला नाहीसा झाला होता. पाचमजली इमारत चारमजली होऊन, खाली उभ्या केलेल्या मोटारींवर येऊन बसली होती. त्याच रस्त्यावर, तशाच खांबांची आणि तशाच काँक्रीटची दुसरी एखादी इमारत मात्र थोड्याफार भेगांवर निभावली होती. अशा दोन इमारतींत फरक पुष्कळदा एवढाच असे, की वाचलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर खोल्या होत्या, म्हणून भिंती होत्या. पडलेल्या इमारतीचा तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडलेला होता, म्हणून तेथे भिंती नव्हत्या.

दुर्घटनेला दुसरीही कारणे होती. साबरमतीच्या गाळाच्या जमिनीने काही भागांत धक्का वाढविला होता. काँक्रीट कित्येक ठिकाणी हलक्या प्रतीचे होते, खांबांतील सळयांना बांधणाऱ्या रिंगा विरळ होत्या, गच्चीवर पाण्याच्या अवजड टाक्या होत्या. परंतु ही सारी कारणे ज्या एका जागी येऊन फळली, ती जागा म्हणजे भिंतीवाचूनचा तळमजला. ज्या भिंतीला नकाशात केवळ आडोसा म्हणून स्थान होते आणि अभियंत्याच्या गणितात मुळीच स्थान नव्हते, तिनेच इमारतीचे भवितव्य ठरविले. ही भिंत हिशेबातून बाहेर कशी गेली, आणि पुन्हा हिशेबात येण्यासाठी तिला केवढी किंमत घ्यावी लागली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सांगाडा एका पदार्थाचा आणि त्यात भरलेली भिंत दुसऱ्या पदार्थाची, ही कल्पना काँक्रीटच्या पूर्वीची आहे. काश्मीरमध्ये लाकडाच्या लहान लहान चौकटी करून त्यांत विटा किंवा दगड मातीत बसविण्याची रीत जुनी आहे. गोधडीला जोडलेल्या ठिगळांसारखी दिसणारी म्हणून तिला धज्जी-देवारी म्हणतात. ३० मे १८८५ च्या भूकंपात श्रीनगरच्या परिसरात पुष्कळ जड इमारती पडल्या, पण लाकडाने बांधलेली ही हलकी घरे डोलली आणि टिकली. आसामात १२ जून १८९७ च्या महाभूकंपाने शिलाँगमधील दगडी इमारती एकजात जमीनदोस्त केल्या. त्यानंतर तेथे लाकडी चौकटीत इकरा नावाचे बोरू बसवून त्यावर गिलावा केलेली घरे सर्वत्र रूढ झाली, आणि त्या घडणीला आसामी घर हेच नाव पडले. या दोन्ही रीतींमध्ये भिंत आणि चौकट यांचे नाते घरातील माणसांसारखे होते. लाकूड वाकत असे, भिंत लहान लहान तुकड्यांत घासली जात असे, आणि त्या घासण्यात भूकंपाची शक्ती जिरून जात असे. कारागिराने हे गणिताने सिद्ध केलेले नव्हते. पडलेल्या घरांनी त्याला ते शिकविलेले होते.

गणिताची जोड भारतात प्रथम मिळाली ती बलुचिस्तानात. इ. स. १९३१ मध्ये माच येथे भूकंप झाल्यावर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे अभियंत्याकडे क्वेट्टा येथील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांचे काम आले. भूकंपाचा आडवा जोर हिशेबात धरून आणि विटांच्या बांधकामाला जुन्या रुळांच्या लोखंडी सांगाड्याची जोड देऊन त्यांनी ती घरे उभारली. ३१ मे १९३५ रोजी पहाटे क्वेट्टा शहर बेचिराख झाले आणि सुमारे ३० हजार माणसे मेली, तेव्हा कुमारांची घरे मात्र उभी होती. भिंत आणि सांगाडा यांनी परस्परांना धरून ठेवले तर काय साधते, याचा तो प्रत्यक्ष पडताळा होता.

याच काळात जगभर सलोह काँक्रीटच्या सांगाड्याचा प्रसार होत होता. फ्रान्समध्ये आनबीक याने इ. स. १८९२ मध्ये खांब, तुळई आणि स्लॅब यांच्या एकसंध बांधणीचे एकस्व घेतले होते. या बांधणीत स्लॅबचे ओझे तुळईवर, तुळईचे खांबावर आणि खांबाचे पायावर जाते. भिंतीला ओझे उचलावे लागत नाही. शतकानुशतके छप्पर डोक्यावर वाहणारी भिंत एकाएकी भारमुक्त झाली. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पकाराने १९१४ साली, महायुद्धात पडलेली घरे लवकर उभारता यावीत म्हणून, केवळ स्लॅब, खांब आणि जिना असलेल्या सांगाड्याची कल्पना मांडली. पुढे १९२० नंतरच्या दशकात त्याने नव्या वास्तुकलेची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील पहिलेच सूत्र इमारत खांबांवर उचलून खालची जमीन मोकळी करण्याचे होते. भिंत हवी तेथे ठेवावी, नको तेथून काढावी, असे स्वातंत्र्य वास्तुशिल्पकाराच्या हाती आले. हा स्वातंत्र्याचा विचार मोहक होता आणि त्यातून पुष्कळ सुंदर वास्तू निर्माण झाल्या. अहमदाबादेतही कॉर्ब्युझिएने १९५० नंतरच्या दशकात गिरणीमालक संघाची प्रसिद्ध इमारत उभारली. परंतु जी भूमी स्थिर आहे तेथे ज्या गोष्टी निर्धोक, त्या हलणाऱ्या भूमीवरही तशाच निर्धोक राहतील, असे मात्र नव्हते.

जपानमध्ये ताचू नाइतो या अभियंत्याने याच सुमारास निराळा विचार केला. त्याच्यासंबंधी एक गोष्ट सांगतात. अमेरिकेच्या प्रवासात सामान अधिक मावावे म्हणून त्याने आपल्या पेटीतील आतल्या फळ्या काढून टाकल्या, आणि वाटेतल्या आदळआपटीत पेटी मोडली. पुढे फळ्या जागेवर बसवून प्रवास केला, तेव्हा ती शाबूत राहिली. पेटी बळकट कशाने होते, हे त्याला त्यावरून उमगले. गोष्टीतला तपशील कसाही असो, नाइतोने आपल्या इमारतींत खांबांबरोबर काँक्रीटच्या भक्कम भिंती पायापासून माथ्यापर्यंत अखंड नेल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोचा प्रलयंकर भूकंप झाला, तेव्हा त्याने बांधलेली जपानच्या औद्योगिक बँकेची नवी इमारत जवळपास अभंग राहिली.

नाइतोच्या भिंती काँक्रीटच्या होत्या, त्याच्या गणितातल्या होत्या. साध्या विटांच्या भिंतीचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. जगातील बहुतेक अभियंते नऊ इंची भिंत असो की साडेचार इंची पडदी असो, तिचे केवळ वजन हिशेबात धरीत आणि तिचे बळ सोडून देत. यामागे आळस होता असे म्हणता येत नाही. वीट भट्टीगणिक बदलते, दर्जा भरण्याची गवंड्याची हातोटी निराळी असते, आणि आज बांधलेली भिंत उद्या राहणारा काढूनही टाकतो. असा बेभरवशाचा साथीदार गणितात कशाला घ्यावा? शिवाय असा समज होता, की भिंत सोडून सांगाड्याची मजबुती ठरविली म्हणजे आपण सुरक्षित बाजूसच राहतो. भिंतीचे जे काही साहाय्य होईल ते वरकड लाभ. खाली खेचणाऱ्या ओझ्यापुरता हा समज खरा होता. आडव्या हादऱ्याच्या बाबतीत तो पुरता चुकीचा ठरला.

तो का चुकला, हे समजण्यास सुताराचे उदाहरण पुरे आहे. चार पट्ट्या कोपऱ्यांत खिळ्यांनी जोडून फाटक केले आणि त्याला बाजूने ढकलले, तर ते तिरके होते. म्हणून सुतार एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकतो, आणि फाटक ताठ होते. चौकटीत गच्च भरलेली विटांची भिंत भूकंपात नेमके हेच काम करते. जमीन एका बाजूस सरकली की भिंतीच्या एका कर्णावर दाब येतो आणि त्या कर्णाच्या रेषेत ती टेकूसारखी उभी राहते. जमीन उलट सरकली की दुसऱ्या कर्णाची पाळी येते. भूकंपानंतर भिंतींवर गुणाकाराच्या चिन्हासारख्या ज्या भेगा दिसतात, त्या या दोन टेकूंच्या झुंजीच्या खुणा होत.

या टेकूंमुळे इमारत ताठ होते, आणि ताठ झालेली इमारत निराळ्या तालावर डोलते. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीतील सूत्रे घेऊन १५ मीटर उंच आणि १६ मीटर रुंद इमारतीचा हिशेब केला, तर केवळ सांगाड्याचा आंदोलनकाल ०.५७ सेकंद येतो आणि विटांच्या भिंती धरल्यावर तो ०.३४ सेकंदांवर उतरतो. खडकाळ जमिनीवर एवढ्या फरकाने हिशेबातील भूकंपबल ४० टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणजे ज्या भिंतीला अभियंत्याने गणितात घेतले नाही, ती गणिताबाहेर राहूनही इमारतीवर येणारा जोर वाढवीत होती. असा वाढीव जोर पेलण्यास भिंती सर्व मजल्यांवर सारख्या असल्या तर त्या स्वतःच पुढे होतात, आणि कित्येक सामान्य इमारती याच साहाय्यावर तरल्या आहेत. पण वरच्या चार मजल्यांवर भिंती आहेत आणि खालच्या मजल्यावर नाहीत, असे झाले म्हणजे वरचा भाग एका ताठ पेटीसारखा होतो आणि खाली नुसते पाय राहतात. बारीक पायांच्या चौरंगावर धान्याने भरलेली कणगी ठेवून चौरंग हलविला, तर कणगी वाकत नाही, पाय वाकतात. पाच मजल्यांनी वाटून घ्यावयाचे हेलकावे एका मजल्याच्या वाट्याला येतात. खांबांची टोके पिळवटतात, आणि रिंगा विरळ असल्या तर काँक्रीट सांडून सळया बाहेर फुगतात. मग वरची अभंग पेटी सरळ खाली येते.

या ज्ञानाची पहिली चाहूल भूकंपाने नव्हे, वाऱ्याने दिली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वाऱ्याचा परिणाम मोजून रॅथबन या संशोधकाने १९३८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ती इमारत आपल्या पोलादी सांगाड्यापेक्षा कित्येक पट ताठ असल्याचे आढळले. हा जादा ताठपणा दगडविटांच्या भिंतींचा होता. पुढे सोव्हिएत संघात पोल्याकोव्ह याने १९५० नंतरच्या दशकात चौकटीत भरलेल्या भिंतींवर प्रयोग करून कर्णावरील दाबाची कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये होम्स याने १९६१ मध्ये असे सुचविले, की भिंतीच्या जागी कर्णाच्या एक तृतीयांश रुंदीचा एक तिरपा टेकू कल्पून गणित करावे. स्टॅफर्ड स्मिथ आणि मेनस्टोन यांनी पुढील दहा वर्षांत त्या टेकूच्या रुंदीचा हिशेब अधिक काटेकोर केला. अशा रीतीने १९७१ पर्यंत भिंतीला गणितात घेण्याची रीत हाती आली होती. विद्या तयार होती. ती व्यवहारात उतरावयाची होती.

तिला व्यवहारात उतरविण्याचे काम मात्र संशोधकांनी नव्हे, भूकंपांनी केले. २९ जुलै १९६७ रोजी व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे दहा-बारा मजल्यांच्या चार नव्या निवासी इमारती कोसळल्या, आणि काँक्रीटच्या सांगाड्यावर भिंतींचा जो परिणाम होतो त्याकडे जगाचे लक्ष वेधले. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी लॉस एंजेलिसजवळ ऑलिव्ह व्ह्यू या नव्याकोऱ्या रुग्णालयाचे वरचे ताठ मजले खालच्या लवचीक मजल्यांवरून सुमारे ६० सेंटिमीटर कललेले राहिले, आणि ती इमारत अखेर पाडावी लागली. १९८० मध्ये अल्जीरियातील अल अस्नाम येथे दुसराच धडा मिळाला. तेथील पुष्कळ घरांच्या जमिनीखाली हवा खेळण्यासाठी हातभर उंचीची पोकळी सोडलेली होती, आणि तेथील बुटके खांब तडातड तुटले. शाळांत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत भिंत बांधली म्हणजे खांबाचा वरचा तुकडा असाच आखूड होतो. आखूड खांब वाकू शकत नाही, म्हणून तो तुटतो. १९८५ मध्ये मेक्सिको शहरात पडलेल्या इमारतींत रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या इमारतींचा भरणा मोठा होता. त्यांच्या दोन बाजूंना शेजाऱ्यालगतच्या भरीव भिंती आणि रस्त्यांकडील दोन बाजूंना दुकानांच्या काचा, यामुळे भूकंपात त्या इमारती पिळल्या गेल्या. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात दुकानांसाठी मोकळे केलेले तळमजले रांगेने बसले. भिंत नसल्याने इमारत पडते, अर्धवट असल्याने खांब तुटतो, आणि एकाच बाजूस असल्याने घर पिळते. या तीन धड्यांचा मथितार्थ एकच. भिंतीने रक्षण होते की घात होतो, हे तिच्या मांडणीतील समतोलावर अवलंबून असते.

भारतात या शास्त्राची पायाभरणी रुडकी येथे झाली. १९६० मध्ये तेथील विद्यापीठात प्राध्यापक जय कृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप-अभियांत्रिकीचे अध्ययन-केंद्र निघाले, आणि १९६२ मध्ये भूकंपरोधक रचनेचे पहिले भारतीय मानक प्रसिद्ध झाले. दख्खनचे पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक समजले जात होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने सुमारे दोनशे माणसांचा बळी घेतला आणि तो समज पुसून टाकला. देशाचा भूकंप-नकाशा त्यानंतर नव्याने आखावा लागला. १९९३ मध्ये, ज्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी, खांब व तुळयांच्या सळया कशा बांधाव्या, रिंगा किती जवळ घालाव्या, याचे स्वतंत्र मानक आले. तथापि ही मानके सल्ल्याच्या स्वरूपाची होती. खाजगी इमारतींस ती लागू करण्याचे बंधन स्थानिक नियमांत सर्वत्र नव्हते.

याच वर्षांत शहरांच्या जमिनीचे मोल गगनाला भिडत होते आणि मोटारींची संख्या वाढत होती. खांबांमधील मोटारींची जागा चटईक्षेत्रात धरली जात नसे. त्यामुळे तळमजला मोकळा ठेवणे नियमास धरून होते, मालकाच्या हिताचे होते आणि राहणाऱ्याच्या सोयीचे होते. कॉर्ब्युझिएने सौंदर्यासाठी सांगितलेली मोकळी जमीन अशा रीतीने मोटारींच्या सोयीसाठी सर्वत्र अवतरली. अभियंत्याने नेहमीप्रमाणे भिंती वगळून सांगाड्याचे गणित केले, कागदावर तळमजला आणि वरचा मजला सारखेच दिसले, आणि प्रत्यक्षात त्यांत केवढे अंतर पडले आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. यात एका कोणाचा अपराध दाखविणे अवघड आहे. प्रत्येकाने आपापला हिशेब बरोबर केला होता. सर्वांच्या हिशेबांतून मिळून भिंत तेवढी गळली होती.

२००१ च्या आघातानंतर पुढच्याच वर्षी भारतीय मानकाची नवी आवृत्ती निघाली. तीत मऊ मजला, म्हणजे वरच्या मजल्याच्या मानाने पुष्कळ कमी ताठ असलेला मजला, याची व्याख्या आली. अशा मजल्यातील खांब व तुळया, केवळ सांगाड्याच्या गणिताने येणाऱ्या भूकंपबलाच्या अडीचपट बलासाठी रचाव्यात, असा एक उपाय सांगण्यात आला. २०१६ च्या सुधारित मानकाने आणखी पुढचे पाऊल टाकले. चौकटीतील विटांची भिंत कर्णावरचा टेकू समजून गणितात घ्यावी, आणि मोकळ्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरप्या आधारांची योजना करावी, असे त्यात सांगितले आहे. पोल्याकोव्हच्या प्रयोगांपासून येथवर यावयास सुमारे साठ वर्षे लागली.

भिंतीला सांगाड्यापासून अलग ठेवावे, मध्ये फट सोडावी, म्हणजे तिचा उपद्रवच राहणार नाही, असाही एक पक्ष आहे. शास्त्रदृष्ट्या तो चुकीचा नाही. परंतु अलग ठेवलेली भिंत भूकंपात बाहेरच्या बाजूस कोसळू नये म्हणून तिला निराळे आधार द्यावे लागतात, आणि फटीत गवंड्याने सिमेंट भरले की सारा खटाटोप व्यर्थ होतो. वीट आणि गवंडी जेथे स्वस्त आहेत, तेथे भिंतीला घरातील माणूस म्हणून वागविणे, तिच्या बळाचा आणि तिच्या दोषांचा हिशेब आधीच करणे, हाच मार्ग अधिक व्यवहार्य आहे.

नियम बदलले तरी घरे एका दिवसात बदलत नाहीत. २००२ च्या नकाशात मुंबई आणि पुणे ही शहरे अहमदाबादच्याच, म्हणजे तिसऱ्या विभागात दाखविली होती. दिल्ली त्याहून धोक्याच्या चौथ्या आणि गुवाहाटी व श्रीनगर पाचव्या विभागात. या सर्व शहरांत नवे नियम येण्यापूर्वी खांबांवर उभ्या केलेल्या इमारतींत असंख्य कुटुंबे राहत आहेत. त्यांना वाचविण्याचे उपाय अद्भुत नाहीत. तळमजल्यातील काही निवडक गाळ्यांत, सर्व बाजूंस समतोल राहील अशा रीतीने, काँक्रीटच्या भिंती पायापासून उभाराव्यात. दुबळ्या खांबांना नव्या सळया आणि काँक्रीट यांचे वेष्टण द्यावे. मोटारींच्या दोन-चार जागा त्यात जातील. त्या जागांचे मोल काय, हे अहमदाबादने २००१ साली दाखवून दिले आहे.

याहूनही सोपा आणि अधिक महत्त्वाचा उपाय, आहे ती भिंत न काढण्याचा आहे. दुकान मोठे व्हावे म्हणून, दिवाणखाना ऐसपैस व्हावा म्हणून मधली भिंत पाडताना घरमालकाला कोणीतरी सांगतो, की ही भिंत भाराची नाही, खुशाल काढा. ते सांगणे रोजच्या दिवसापुरते खरे असते. ज्या दिवशी जमीन हलते, त्या दिवसापुरते ते खरे नसते. म्हणून घणाचा पहिला घाव घालण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याला विचारावे, आणि त्यानेही केवळ खांबांकडे न पाहता त्या भिंतीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते पाहूनच उत्तर द्यावे.